परत न आलेल्या वह्या

देहूच्या इंद्रायणीत दोन वेळा कागद बुडाले. त्यातली एक कथा वारकऱ्याच्या घरातल्या लहान मुलालाही सांगता येते. तुकोबारायांच्या अभंगांच्या वह्या डोहात गेल्या, महाराज तेरा दिवस शिळेवर अन्नपाण्यावाचून बसून राहिले आणि वह्या कोरड्या वर आल्या. दुसरी कथा त्याच्या आधीची आहे. त्याच नदीत, महाराजांनी स्वतःच्या हाताने, घरच्या सावकारीचे कागद सोडून दिले होते. त्यात कुळांनी लिहून दिलेली खते होती, गहाणवटीचे लेख होते. त्या वह्या नदीने परत दिल्या नाहीत आणि महाराजांनीही त्या मागितल्या नाहीत.

कीर्तनात हा प्रसंग येतो तो वैराग्याचे उदाहरण म्हणून. महाराजांनी संसाराची दोरी तोडली आणि चित्त पांडुरंगाकडे लावले, असे आपण ऐकतो. ते खरेच आहे. पण खतपत्राला दोन टोके असतात. एक टोक सावकाराच्या पेटीत असते आणि दुसरे कुळाच्या गळ्यात. पेटीतले टोक सुटले त्याला आपण वैराग्य म्हणतो. गळ्यातले टोक सुटले त्याला काय म्हणायचे? या लेखात त्या दुसऱ्या टोकाकडून या प्रसंगाकडे पाहायचे आहे. कारण आज जगातली श्रीमंत माणसे आणि श्रीमंत देश गरिबांचे काय देणे लागतात, हा प्रश्न विचारला जातो, तेव्हा त्याचे अर्धे उत्तर इंद्रायणीच्या या डोहात पडलेले आहे, असे वाटते.

काळ आठवावा. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खन आणि गुजरात दुष्काळाने होरपळून निघाले. गावे ओस पडली, गुरे मेली, माणसे अन्नासाठी वाट फुटेल तिकडे गेली. देहूचे हे घराणे खाऊनपिऊन सुखी होते. गावची महाजनकी, व्यापार आणि सावकारी घरात होती. तरी दुष्काळाने त्यांनाही सोडले नाही. महाराजांची पहिली पत्नी गेली, मुलगा गेला, दिवाळे निघाले. अशा वेळी कोणताही व्यवहारी माणूस काय करील? येणे असेल तेवढे वसूल करील. पेटीतले कागद हीच तेव्हा त्यांची उरलेली पुंजी होती.

चरित्रपरंपरा सांगते की धाकटे बंधू कान्होबा समोर होते आणि महाराजांनी आधी वाटणी केली. कागदांचे दोन भाग झाले. एक भाग कान्होबांच्या हाती दिला, कारण त्यांना त्यांचा संसार होता आणि त्यांच्या हक्कावर पाणी सोडण्याचा अधिकार महाराजांना नव्हता. दुसरा भाग स्वतःचा, तो नदीत गेला. ही वाटणी फार महत्त्वाची आहे. दुसऱ्याच्या खिशातून उदार होणे सोपे असते. महाराजांनी सोडले ते स्वतःचे, आणि त्याची झळ सोसली तीही स्वतः.

आता याच्या शेजारी मंगळवेढ्याचे दामाजीपंत ठेवून पाहावेत. बिदरच्या बादशहाचे ते कामगार. दुष्काळात लोक अन्नान्न करीत दारात आले तेव्हा त्यांनी सरकारी अंबारे उघडली आणि धान्य लुटू दिले. पुढे बादशहाचे बोलावणे आले, आणि आपली परंपरा सांगते की पांडुरंगच विठू महार होऊन बिदरला गेला, धान्याची किंमत मोजून आला आणि रीतसर पावती घेऊन आला. दामाजींनी भुकेल्याला दिले. तुकोबांनी कर्जदाराला सोडले. देणे आणि सोडणे ही श्रीमंताची दोन वेगवेगळी कर्तव्ये आहेत.

पहिले कर्तव्य आपल्याला चांगले समजते. वारीच्या वाटेवर गावोगाव पिठले-भाकरीच्या पंगती उठतात, कोणी चपला शिवून देतो, कोणी औषधाची गाडी घेऊन चालतो. या देण्यात आनंद आहे आणि तो निर्मळ आहे. दुसरे कर्तव्य अवघड आहे. त्यात हातातून काही जात नाही असे दिसते, पण ज्याच्या जोरावर आपण समोरच्याला उभे-आडवे करू शकतो तो अधिकार जातो. देणाऱ्याचे नाव फलकावर लागते. सोडणाऱ्याचे नाव कुठेच लागत नाही, कारण सोडल्यावर कागदच उरत नाही.

आपल्या जुन्या लोकांना या दुसऱ्या कर्तव्याची जाण होती. म्हणून धर्मशास्त्रात दामदुप्पटीचा नियम आला. शंभर रुपये कर्ज दिले तर व्याजापोटी एका वेळी शंभरापेक्षा जास्त मागता येणार नाही, व्याजाला मुद्दलाची मर्यादा, असा तो साधा नियम. इंग्रजी अमलातही मुंबई इलाख्यातली न्यायालये हिंदू ऋणकोच्या बाबतीत तो मानीत असत. पण नियमाला पळवाट असतेच. जुने खत फाडायचे, थकलेले व्याज मुद्दलात मिळवायचे आणि मोठ्या रकमेचे नवे खत लिहून घ्यायचे. ज्याला अक्षरओळख नाही त्याने अंगठा उठवायचा. आजोबाने बैलासाठी घेतलेले कर्ज नातवाच्या शेतावर येऊन बसायचे ते असे.

या वाटेचा शेवट कुठे होतो, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिथला कापूस बाहेर पडेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी मोकळ्या हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळला, सरकारी सारा मात्र नव्या आकारणीत वाढला. वसुलीसाठी सावकार न्यायालयात जाऊ लागले आणि जमिनी जाऊ लागल्या. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोक उठले. त्यांनी सावकारांच्या घरांतून खते, रोखे आणि हुकूमनामे बाहेर काढले आणि जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. नंतरच्या चौकशीत एक गोष्ट ठळकपणे दिसली. लोकांचा राग मुख्यतः कागदांवर होता. जिथे कागद हवाली झाले तिथे बहुधा माणसाला धक्का लागला नाही.

तुकोबारायांची पालखी वरवंड, उंडवडी, बारामती अशी पुढे जाते. सुपे त्या वाटेपासून लांब नाही. देहूला एका सावकाराने आपल्या हाताने कागद पाण्यात सोडले. सुप्याला कुळांनी सावकाराच्या हातातून ओढून ते विस्तवात टाकले. मधे सुमारे अडीचशे वर्षे आणि काही मुक्कामांचे अंतर. जे श्रीमंताने पाण्यात सोडायचे ते त्याने सोडले नाही, तर एक दिवस त्याला विस्तव लागतो. १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जमुक्तीचा कायदा केला, तो त्या विस्तवानंतर.

इथवर आपल्या गावाची, आपल्या नदीची गोष्ट झाली. पण सावकार आणि कुळ हे नाते माणसामाणसांतच असते असे नाही. ते देशादेशांतही असते, आणि तिथे त्याचे रूप पाहिले की सुप्याचा सावकार फार लहान वाटू लागतो.

अमेरिका खंडातल्या कॅरिबियन समुद्रात हैती नावाचा देश आहे. अठराव्या शतकात तो फ्रान्सच्या ताब्यात होता आणि फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत म्हणून ओळखला जात होता. युरोपात प्यायल्या जाणाऱ्या कॉफीतली निम्म्याहून अधिक कॉफी आणि साखरेचा फार मोठा वाटा एकट्या या वसाहतीतून येत असे. ती पिकवणारी माणसे होती आफ्रिकेतून धरून आणलेली, बाजारात विकलेली. त्यांची संख्या सुमारे पाच लाख. १७९१ मध्ये हे गुलाम उठले. तेरा वर्षे लढले. १ जानेवारी १८०४ रोजी त्यांनी आपला देश स्वतंत्र केला. गुलामांनी बंड करून स्वतःचे राष्ट्र उभारल्याचे हे जगाच्या इतिहासातले एकमेव उदाहरण मानले जाते.

पुढची गोष्ट वाचताना मन थबकते. १८२५ मध्ये फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने १४ युद्धनौका हैतीच्या बंदरात पाठवल्या आणि फर्मान कळवले: तुम्हाला स्वतंत्र म्हणून मान्यता देतो, पण आमच्या मळेवाल्यांचे जे नुकसान झाले त्याची भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक द्या, पाच वर्षांत, पाच हप्त्यांत. नुकसान कसले? जमिनीचे, मळ्यांचे, आणि त्यात राबणाऱ्या माणसांचेही. म्हणजे जी माणसे मुक्त झाली, त्यांनी स्वतःची किंमत आपल्या जुन्या मालकाला मोजायची होती.

हैतीकडे पैसा नव्हता. पहिल्या हप्त्याचे ३ कोटी फ्रँक भरण्यासाठी त्यांना पॅरिसच्याच सावकारांकडून कर्ज काढावे लागले. कागदावर कर्ज ३ कोटींचे, हातात आले २ कोटी ४० लाख, उरलेले सावकारांनी आपली दलाली म्हणून आधीच कापून घेतले. आपल्याकडेही पूर्वी सावकार पैसे हातावर ठेवतानाच मनोती कापून घेत असे. चाल तीच, आकडे मोठे. देश एकाच वेळी दोन कर्जांत सापडला: एक खंडणीचे आणि दुसरे ती भरण्यासाठी काढलेले. १८३८ मध्ये एकूण खंडणी ९ कोटींवर आणली गेली, पण व्याज आणि नवी कर्जे चालूच राहिली. डोंगरातला शेतकरी कॉफी पिकवी, तिच्या निर्यातीवर कर बसे आणि तो कर समुद्रापार जाई. शाळेसाठी, रस्त्यासाठी, दवाखान्यासाठी मागे काही उरत नसे. या कर्जमालिकेचा शेवटचा पैसा फिटला तो १९४७ मध्ये. त्या वर्षी आपला देश स्वतंत्र झाला. हैतीचा शेतकरी तोपर्यंत १८०४ च्या स्वातंत्र्याची किंमत मोजत होता.

दामदुप्पटीच्या नियमाने हा व्यवहार तपासून पाहावा. व्याजाला मुद्दलाची मर्यादा हवी, असे तो नियम सांगतो. इथे मुद्दलच नाही. फ्रान्सने हैतीला काही दिलेच नव्हते. तरी खत लिहिले गेले आणि सहा पिढ्यांनी ते फेडले.

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला. राजधानी जमीनदोस्त झाली, लाखांवर माणसे गेली. जगभरातून मदतीचा ओघ सुरू झाला. सामान्य माणसांनी आपल्या मिळकतीतून पैसे पाठवले, डॉक्टर धावून गेले, अन्न गेले, तंबू गेले. हे दामाजीपंतांचे काम होते आणि ते करणाऱ्यांना नमस्कारच केला पाहिजे. पण भूकंपात घरे इतकी कच्ची का होती, दवाखाने इतके तोकडे का होते, देश मुळात इतका गरीब का होता, हे विचारले की आपण पुन्हा १८२५ च्या त्या फर्मानापाशी येतो. एका हाताने पिढ्यान्‌पिढ्या घ्यायचे आणि संकटात दुसऱ्या हाताने घोंगडी पांघरायची, याला पुरे औदार्य म्हणता येत नाही. बरोबर दोनशे वर्षांनी, १७ एप्रिल २०२५ रोजी, फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी या खंडणीचा इतिहास तपासण्यासाठी दोन्ही देशांतल्या इतिहासकारांचा आयोग नेमण्याची घोषणा केली. वही निदान उघडून पाहायची, इतके तरी ठरले.

श्रीमंत देशांना वह्या बुडवता येतच नाहीत, असे मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीच्या डोक्यावर दोन्ही युद्धांच्या आसपासची जुनी-नवी कर्जे होती. २७ फेब्रुवारी १९५३ रोजी लंडनमध्ये अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आदी देश एकत्र बसले आणि त्यांनी त्यातले सुमारे निम्मे कर्ज सोडून दिले. उरलेले फेडायचे तेही देशाची निर्यात वाढेल, हातात शिल्लक राहील त्या बेताने. सोडणाऱ्या देशांत युद्धात जर्मनीनेच उद्ध्वस्त केलेला गरीब ग्रीसही होता. कुळ जगले तर शेत पिकेल, हा विचार तेव्हा सुचला. जर्मनी उभा राहिला आणि त्याच्याशी व्यापार करून सावकारही सुखी झाले. मग हाच विचार आफ्रिकेतल्या देशांसाठी सुचायला आणखी चाळीस-पन्नास वर्षे का लागली, हा प्रश्न मनाला टोचतो.

त्या देशांचे कर्ज कसे झाले तेही थोडक्यात पाहू. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, तेलाचा पैसा पाश्चात्त्य बँकांत साठला आणि बँका कर्जदार शोधू लागल्या. गरीब देशांना सढळ हाताने कर्जे मिळाली. अनेक ठिकाणी ती हुकूमशहांच्या हाती पडली. झाईरच्या मोबुटूने तर देश लुटून स्वतःची तिजोरी भरली. पुढे १९७९ नंतर अमेरिकेने व्याजाचे दर एकदम चढवले आणि कर्जे फुगली. नायजेरियाचे अध्यक्ष ओबासान्जो यांनी २००० साली हिशेब मांडला, की १९८५-८६ पर्यंत आम्ही सुमारे ५ अब्ज डॉलर घेतले, १६ अब्ज फेडले, आणि तरी आमच्याकडे २८ अब्ज बाकी सांगतात. दामदुप्पट मानणारा गावचा पंच हे ऐकून काय म्हणाला असता, ते सांगायला नको.

या वह्यांविरुद्ध जे लोक उभे राहिले त्यांची हकिकत वारकऱ्याला जवळची वाटेल. ज्यू आणि ख्रिस्ती धर्मग्रंथात एक चाल सांगितली आहे: दर पन्नासाव्या वर्षी दासांना मुक्त करावे आणि हातची गेलेली जमीन मूळ घराण्याला परत द्यावी. त्या आठवणीवर सन २००० साठी एक चळवळ उभी राहिली. १६ मे १९९८ रोजी इंग्लंडच्या बर्मिंगहॅम शहरात बलाढ्य देशांचे प्रमुख जमले असताना सुमारे ७० हजार माणसे हातात हात धरून शहराभोवती साखळी करून उभी राहिली. त्यात शिक्षक होते, पाद्री होते, म्हातारी माणसे होती. त्यांना स्वतःसाठी काही नको होते. जी माणसे त्यांनी कधी पाहिली नाहीत, पाहणारही नाहीत, त्यांचे कर्ज आपल्या सरकारने सोडावे एवढेच ते मागत होते. पायी चालत जाऊन एका जागी उभे राहणे आणि मागणे, याचे बळ आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

त्या दबावामुळे १९९६ मध्ये सुरू झालेली कर्जमाफीची योजना रुंदावली, २००५ मध्ये आणखी पुढे गेली. ३५ हून अधिक देशांची मिळून १०० अब्ज डॉलरांहून जास्त कर्जे सुटली. त्याने काय झाले? टांझानियाने २००१ मध्ये प्राथमिक शाळेची फी बंद केली आणि मुलांची रीघ लागली, वर्ग अपुरे पडू लागले. झांबियाने १ एप्रिल २००६ पासून खेड्यांतल्या सरकारी दवाखान्यांत पैसे घेणे बंद केले. कागद बुडाला आणि एका आईच्या हातातले मूल दवाखान्याच्या आत गेले. गळ्यातले टोक सुटणे म्हणजे काय, ते असे दिसते. आपल्या देशानेही २००३ च्या सुमारास आफ्रिकेतल्या काही अत्यंत गरीब देशांकडचे आपले येणे सोडून दिले, ही अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

पण इथेच थांबलो तर लेख एकतर्फी होईल. वह्या बुडवण्याला जे आक्षेप घेतले जातात त्यांत तथ्य आहे. पहिला आक्षेप असा, की घेतलेले फेडायचे नाही असे एकदा ठरले तर पुढे कर्ज कोण देणार? १८७९ च्या कायद्यानंतर आपल्याकडेही हे घडले. काही सावकारांनी हात आखडला, काहींनी कर्जाऐवजी जमिनीचे खरेदीखतच लिहून घेण्याचा मार्ग धरला. दुसरा आक्षेप असा, की सोडल्यावर पुन्हा तेच होते. ज्या झांबियाचे नाव वर घेतले, तो देश पुढे रोखे विकून आणि चीनकडून कर्जे काढून पुन्हा बुडीत गेला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्याचा हप्ता थकला. त्यात त्या देशाच्या राज्यकर्त्यांचाही दोष होता. गरीब असणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे.

हे सगळे मान्य करून एक प्रसंग सांगतो. रुमानियाने १९७९ मध्ये झांबियाला ट्रॅक्टर वगैरे शेतीची यंत्रे उधारीवर दिली होती. त्यातले बुडीत कर्ज एका खासगी कंपनीने १९९९ मध्ये सुमारे ३३ लाख डॉलर देऊन विकत घेतले आणि मग झांबियावर साडेपाच कोटी डॉलरांचा दावा लावला. २००७ मध्ये लंडनच्या न्यायालयाने तिला सुमारे दीड कोटी डॉलर मंजूर केले. बाकीच्या देशांनी कर्जे सोडली म्हणून झांबियाच्या हाती चार पैसे उरले होते, त्यांवर हिने हात मारला. कान्होबांनी आपला वाटा उघडपणे, भावासमोर वाटणी करून घेतला होता. तुकोबांनी सोडलेल्या कुळाकडे ते वसुलीला गेल्याचे कोणी सांगत नाही. या खटल्यामुळे लोकांत संताप उसळला आणि २०१० मध्ये ब्रिटनने अशा दाव्यांना मर्यादा घालणारा कायदा केला. म्हणजे सोडणाऱ्याने सोडले एवढ्यावर भागत नाही. सोडलेले दुसऱ्या कोणी उचलू नये, हे पाहणारे जागे लोकही लागतात.

आता प्रश्न आपला. आपण कोणत्या बाजूला बसलो आहोत? वारकरी म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गरीब शेतकरी येतो, आणि तो दिंडीत आजही आहे. पण त्याच दिंडीत आता पेन्शन असलेले, दोन घरे असलेले, मुलगा लंडनला किंवा न्यू जर्सीला असलेले माळकरीही आहेत. आपला देश स्वतः आफ्रिका आणि आशियातल्या देशांना कर्जे देतो. आफ्रिकेतल्या खेड्यातल्या माणसाशेजारी उभे केले तर आपल्यातले पुष्कळ जण श्रीमंतच ठरतील. तेव्हा श्रीमंताचे कर्तव्य काय हे फ्रान्सला विचारून आपल्याला सुटता येणार नाही.

सुरुवात घरच्या वहीपासून करावी. दिवाळीच्या आधी बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेते आणि हंगाम संपला तरी ती फिटत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा कोयता उचलावा लागतो. घरकामाच्या बाईने मुलीच्या आजारपणात घेतलेली उचल दर महिन्याला पगारातून कापली जाते. गावाकडे भावकीतल्या कोणाची जमीन आपल्याकडे गहाण असते. यांतले मुद्दल किती वेळा फिटून गेले, याचा हिशेब आपण कधी मांडतो का? आषाढीला अन्नदानाची पावती फाडण्याआधी एकदा तो मांडावा. जे आपल्या वाट्याचे आहे तेवढेच सोडावे, पण ते सोडावे.

मग नजर पुढे न्यावी. गरीब देशांच्या पुष्कळशा रोख्यांचे करार लंडन आणि न्यू यॉर्कच्या कायद्याखाली होतात, आणि तिथे आपली माणसे राहतात, मत देतात, विठ्ठलाची मंदिरे बांधतात. त्यांनी आपल्या प्रतिनिधीला हे प्रश्न विचारावेत. इथे आपण आपल्या सरकारला विचारावे, की आपण कोणाला किती कर्ज देतो, कोणत्या अटींवर देतो आणि ते फेडताना तिथल्या शाळा बंद पडत नाहीत ना. राजकारण म्हणून हे टाळू नये. देहूचे महाजन आपल्या कुळांना ओळखत होते. आपली कुळे आता समुद्रापार आहेत आणि आपल्याला त्यांची नावेही ठाऊक नाहीत, एवढाच फरक. पांडुरंगाला मात्र ती सगळी ठाऊक आहेत, अशी आपली श्रद्धा आहे.

संपत्ती मिळवू नये असे संतांनी सांगितलेले नाही. ती कशी आली आणि कोणाच्या गळ्याला काच बसून राहिली, हे पाहायला त्यांनी शिकवले. महाराजांच्या हातून गाथा त्या खतपत्रांच्या नंतर उतरली. आधी हात मोकळे झाले, मग त्या हातांत टाळ-वीणा आली. इंद्रायणीने पुढे गाथा परत दिली, ती आज घराघरांत आहे. खतपत्रे तळाशी राहिली. त्यांत कोणाकोणाची नावे होती, कोण किती देणे लागत होते, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. त्या कुळांची लेकरे मात्र मोकळ्या मानेने जगली असतील, आणि त्यांतल्या कोणाचे वंशज आज आपल्याच दिंडीत, आपल्याच पुढे-मागे चालत असतील.

रामकृष्णहरी.